उजवा कान आणि नौवाँ पहर

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिहायला बसले, कारण ओरडायचं नाही. दुसरं काही कारण नाही.

यांना ऐकू येत नाही. जे ओरडून सांगावं ते यांच्याआधी शेजारी दुबेंकडे पोचतं. काल यांना विचारलं, पोटाची गोळी घेतली का? चारदा विचारलं. आज सकाळी दुबेबाई कुंपणावरून, "भाभीजी, भाईसाहब का पेट अब कैसा है?" पुरे झालं. यापुढे जे यांना सांगायचं आणि सांगून उपयोग नाही, ते या वहीत.

मी टेलिफोन खात्यातली. पहिली कित्येक वर्षं ट्रंक बोर्डावर. तिथला पहिला नियम, आवाज चढवायचा नाही, शब्द सुटा करायचा. कटनीच्या पुढे लाइन कितीही खरखरली तरी मी आवाज चढवला नाही. आता स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत चढवते. घसा बसला आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

मंगळवार, ४ फेब्रु.

नेपियर टाउनला कानाच्या डॉ. बाईंकडे. यांचा डावा कान काही वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तो गेलेलाच होता, काही कारण कळलं नाही. उजव्यावर गाडी चालली आहे, तोही मशीन लावून. आज ग्राफ आणखी खाली.

डॉ. बाई म्हणाल्या, "अंकल, दाहिना बचाके रखिए. तेज़ आवाज़ से एकदम दूर. ये गया तो मशीन भी काम नहीं आएगी."

हे हसून म्हणाले, "बिलकुल, बिलकुल."

परत येताना ऑटोत मला विचारलं, "काय म्हणाली ती?"

घरी आल्यावर मशीन काढून डबीत ठेवलं, बंद न करता. काढलं की बंद करायचं, हे किती वेळा सांगितलं. चालू मशीन डबीत किंवा मुठीत कोंडलं की बारीक शिट्टी देतं. यांना ती ऐकू येत नाही. मला येते. दुपारभर घरभर शिट्टी शोधत हिंडले.

गुरुवार, ६ फेब्रु.

फोन आला. आमच्या घरी फोन मीच घेते. तिकडचं ऐकायचं, इकडे सांगायचं, इकडचं तिकडे. म्हणजे निवृत्त झालेच नाही.

"भाभीजी, प्रणाम. पहचाना? बिल्लू. नौवाँ पहर वाला बिल्लू."

ओळखलं. न ओळखून कुठे जाणार. यांच्या तरुणपणीचा बँड. रेल्वे कॉलनीतली दोन, कॉलेजातली दोन, अशी चार मुलं, केस खांद्यापर्यंत. दिवसाचे पहर आठ, तर आपण नववा, अशी ती अक्कल. रॉक संगीत, त्यातही सायकेडेलिक म्हणे. म्हणजे गाणं एक, ते संपत नाही, पेटीसारख्या विजेच्या बाजावर एकच सूर धरून बसायचं आणि मागच्या पडद्यावर रंग वितळत राहायचे. ते रंग वितळवण्याचं काम यांचं. फॅक्टरीतून सुटले की सायकल थेट तालमीला. लग्नानंतर मलाही एकदा नेलं होतं. एक गाणं सुरू असताना मी स्वेटरची पाठ विणून पुढच्या भागाचे टाके घातले.

बिल्लूभैया म्हणाले, चौघांतले दोघंच उरलेत. तीन नवे घेतले. बावीस तारखेला इथेच जबलपुरात शो, पनागर रोडवरच्या मॅरेज गार्डनमध्ये. "हमारे रंगवाले भैया नहीं आएँगे तो परदा सूना रहेगा."

मी फोन हातात धरून उभी. हे समोर पेपर वाचत. काही नाही म्हणून ठेवून देता आलं असतं. यांना कळलंही नसतं. पण निरोप अडवणं ऑपरेटरचं काम नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, समोर धरलं.

यांनी चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला न विचारता फोनच्या दिशेने मोठ्याने, "आऊँगा! बोल दे, आऊँगा!"

सांगायची गरज पडली नाही. दुबेंनीसुद्धा ऐकलं.

शनिवार, ८ फेब्रु.

घड्याळ. माझं घड्याळ!

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मुलींनी दिलेलं भिंतीवरचं गोल घड्याळ. सकाळी बघते तर काटे उघडे. काच नाही. काच गच्चीवर, फुगीर बाजू खाली, तिच्यात फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल आणि निळी शाई. वरून दुसरी लहान काच. ती कुठल्या घड्याळाची ते विचारलं नाही.

"हीच लागते," म्हणाले. "बशीसारखी पाहिजे. दोन काचांच्या मधात पाणी आणि तेल. वरची दाबली की रंग पळतात. खालून लाइट."

"आणि माझं घड्याळ?"

"हो, चालू आहे ना. काच काढल्यानं घड्याळ थांबत नाही."

खोबरेल आधी वापरून पाहिलं होतं, थंडीने गोठलं. म्हणून फल्लीचं. ते संपवलं. आलत्याची बाटली देव्हाऱ्यातून गायब. बैठकीत एक जुना प्रोजेक्टर येऊन बसलाय, कुठल्याशा कोचिंग क्लासच्या अडगळीतून. पुसायचं फडकं म्हणून माझा चांगला पंचा.

काटे उघडे बघवत नाहीत. पाहुणे आले तर काय सांगू.

सोमवार, १० फेब्रु.

आज भांडण. नीट लिहून ठेवते.

मी म्हटलं, जायचं नाही. डॉ. बाई काय म्हणाल्या ते कागदावर लिहून दिलं. खाली लिहिलं, प्रोजेक्टर स्टेजच्या बाजूला असतो, स्टेजच्या बाजूला भोंगे असतात.

कागद वाचून बाजूला ठेवला. मशीन काढलं, टेबलावर ठेवलं. म्हणजे आता बोलणार, ऐकणार नाही. ही नवी पद्धत.

"मी काय म्हणतो, कान जपून ठेवायचा, ठीक. पण काहून? कशासाठी जपून राहिलो मी? रेडिओ समजत नाही. नाटक समजत नाही. मराठी मंडळात लोक हसतात, मी त्यांच्या मागून हसतो. गार्गी फोनवर बोलते ते तू सांगते तेव्हा कळते. मग जपलेल्या कानाचं करायचं काय? सांग ना."

"माझ्यासाठी ठेवा," मी म्हटलं.

साध्या आवाजात म्हटलं. मशीन टेबलावर. ते खिडकीकडे बघत होते.

दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

संध्याकाळी गार्गीचा फोन. मुलगी बंगळूरला. मला वाटलं होतं, ती यांना समजावेल. तर म्हणे, "आई, जाने दे ना बाबांना. लेजेंड आहेत ते लोक. इथले मुलं त्यांची जुनी रेकॉर्ड शोधून राहिले."

"आणि कान?"

"आई, कान बाबांचा आहे."

हिला काय सांगू. त्या कानाच्या दुसऱ्या टोकाला मी आहे. तो गेला की या घरात मी जे बोलेन ते भिंतीशी आणि दुबेंशी. बोर्डावर लाइन मृत झाली की तिच्यावर लाल चिठ्ठी लावायचो आणि दुसरी घ्यायचो. इथे दुसरी नाही.

गुरुवार, १३ फेब्रु.

आता हे ऐका. म्हणजे कोण ऐकणार, पण तरी.

मराठी मंडळाच्या शैलाताईंचा मेसेज सगळ्या गटावर: "नववा प्रहर! पन्नास वर्षे जुने भजनी मंडळ आपल्या जबलपुरात. आपल्या श्रीधरभाऊंच्या ओळखीने पास. बायकांनी नावे द्यावीत. झांजा आणाव्यात."

श्रीधरभाऊ म्हणजे हे. वाचून मी खालीच बसले.

फोन केला. शैलाताई खूश. "अगं सुधा, तू काही बोललीच नाहीस! आपल्याकडे अष्टप्रहर नामस्मरण असतं, यांचं नववा. काय सुंदर नाव! मंडळाच्या जिन्यात भाऊ भेटले तर मी विचारलं ना, भजनी आहेत का? तर म्हणाले, एकदम! पन्नास वर्षांची!"

कळलं. तिने विचारलं भजनी आहेत का, यांनी ऐकलं जुनी आहेत का.

मी म्हटलं, "शैलाताई, ते भजनी नाहीत."

"मग?"

"रॉक आहे."

"हो का? अगं, आजकाल भजनातही सगळे बाजे घेतात. आमच्या नागपूरच्या वहिनींकडे गिटार होती."

"खूप मोठा आवाज असतो."

"टाळमृदुंगाचा काही कमी असतो का? आणि जायला ट्रॅक्स गाडी ठरली आहे. अकरा नावं आली. भाऊंनी पासही आणून दिले."

पास आणून दिले! यांना विचारलं, अकरा पास कशाला दिले? म्हणाले, शैलाताईला आवड आहे, मला माहीतच नव्हतं.

आता अकरा बायका शाली पांघरून, झांजा घेऊन जाणार. एकीला बी.पी. एकीच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली. कोणीतरी शहाणं माणूस बरोबर पाहिजे. म्हणजे मी. म्हणजे मला जावं लागणार. म्हणजे हेही जाणार. जिन्यातल्या एका शब्दाने माझा नकार संपला.

रविवार, १६ फेब्रु.

अटी. कागदावर लिहून यांची सही घेतली.

एक, मशीन गेटवर माझ्याकडे द्यायचं. लावून बसायचं नाही, ते मोठा आवाज आणखी मोठा करतं. दोन, उजव्या कानात (उ. का.) कापूस. तीन, त्यावर गार्गीने पाठवलेले कान झाकून आवाज अडवणारे मोठे मफ, शेवटपर्यंत. काढायचे नाहीत. लाइट दाखवायला कान लागत नाहीत.

सही करताना म्हणाले, "ऐकायचं नाही, फक्त दाखवायचं."

"हो."

"म्हणजे लग्नात जेवण वाढायचं, जेवायचं नाही."

सही केली मात्र. तारीखसुद्धा टाकली.

गुरुवार, २० फेब्रु.

बैठकीत तालीम. पांढरी चादर भिंतीवर, माझीच. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, भर दुपारी. मला बोलावलं नव्हतं, मी कपडे घ्यायला गेले.

भिंतभर निळं. त्यात आलत्याचे लाल थेंब मोठे होत, एकमेकांना चिकटत, मग तुटत. यांची बोटं काचेवर, मधूनच हलकासा दाब. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. सूर धड नव्हता, आपल्याला काय येतंय ते यांना ऐकू येत नाही. पण रंग बरोबर त्या गुणगुणण्यावर हलत होते.

दिसायला वाईट नव्हतं. एवढंच लिहिते.

चादरीवर डाग. शाईचे. निघणार नाहीत.

रविवार, २३ फेब्रु.

कालचं. सकाळी लिहिते आहे, डोकं अजून भणभणतं आहे.

मॅरेज गार्डनच्या गेटवर आदल्या लग्नाची अक्षरं तशीच, "विकास संग नेहा". त्याखाली फ्लेक्स, "नौवाँ पहर". शैलाताई म्हणाल्या, "लग्नाच्या जागी भजन, पवित्रच की."

गेटवर यांनी मशीन काढून दिलं. मी बंद केलं, डबीत, पर्समध्ये. कापूस घातला. मफ चढवले. मफ लावून, काचा छातीशी धरून, आत गेले. वळून पाहिलं नाही. विटीदांडू खेळायला निघाल्यासारखे.

बायकांना बिल्लूभैयांनी पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर बसवलं. लग्नात वरपक्ष बसतो ते सोफे. मी नको म्हणत होते, मागे बसू. ऐकेना. "माताजी लोग आगे." आजूबाजूला काळे बनियन घातलेली मुलं-मुली, त्यांच्यामध्ये आमच्या अकरा पैठण्या आणि शाली. मी सगळ्यांना कापूस वाटला. घेतला फक्त बी.पी.वालीने.

बिल्लूभैया स्टेजवर. पांढरी शेंडीसारखी वेणी, गुडघ्याला पट्टा. एक सूर धरला. धरूनच ठेवला.

शैलाताई कानात, "अगं, सुरुवात कधी? हे तर अजून पेटीच लावून राहिले."

"हीच सुरुवात आहे."

मग ढोल, मग गिटार, आणि जमीन हलली. सोफ्याचे पाय हलताना मी पाहिले. शैलाताईंचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, आता उठतील, एकेकीला धरून बाहेर न्यावं लागेल. पर्समधल्या गोळ्या चाचपल्या.

आणि ते पालुपद आलं. "पहर बीता, जागो, पहर बीता, जागो." तेवढंच. परत परत. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या शेजारून छुन् आवाज. हृदयात स्प्रिंगवालीने झांज काढली होती! दुसरीने काढली. शैलाताईंनी शाल सोफ्यावर टाकली आणि उभ्या राहून टाळ्या. ठेका अगदी बरोबर, गजराचाच ठेका. मागची पोरं शिट्ट्या मारतात. गिटारवाला म्हातारा वाकून नमस्कार करतो, माइकवर, "माताओं, गज़ब!"

मी कपाळावर हात मारला. ऑफिसात असत्या तर एकेकीला मेमो दिला असता.

कपाळावरून हात काढला तेव्हा बाजूला यांच्याकडे नजर गेली. प्रोजेक्टरपाशी उभे. रंग पडद्यावर धावताहेत. आणि मफ गळ्यात.

गळ्यात!

कशी पोचले माहीत नाही. दोन पोरांना ढकललं, एकीच्या पायावर पाय दिला. भोंगा तिथून किती जवळ होता. छातीत ठोके पडल्यासारखा आवाज. कापूसही नव्हता कानात, बोटांत धरून त्याने काचेची कड पुसत होते.

मी दंडाला धरलं. मफकडे बोट दाखवलं.

यांनी मान हलवली. नाही. ओरडून म्हणाले, "हे एक! हेच एक आहे! मग लावतो!"

मी मफ धरून वर ओढले, यांनी माझा हात धरला. भांडण नव्हतं. पकडसुद्धा सैल होती. पण डोळे. हे माणूस माझ्याकडे कधी काही मागत नाही. जे पाहिजे ते न विचारता घेतं, घड्याळाची काचसुद्धा. काल मागत होते.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की मधे जाऊन सांगायचं आणि कापायचं, मागे रांग असते. मी कठोर म्हणून प्रसिद्ध. पण बोर्डावरच्या प्रत्येकीने कधी ना कधी एखादा कॉल चालू दिला आहे. तिकडे कोणी नुसतं रडत असायचं. हात किल्लीवर ठेवायचा आणि दाबायची नाही.

मी उजव्या कानाशी गेले. आवाज चढवला नाही. त्या गदारोळात चढवून उपयोगही नव्हता. बोर्डावरच्या आवाजात, सुटं सुटं म्हटलं, "तीन मिनिटं."

यांनी मान डोलावली आणि काचांकडे वळले.

मी तिथेच उभी राहिले, यांच्या गळ्यातून काढलेले मफ हातात. या लोकांचं गाणं तीन मिनिटांत संपत नसतं हे मला स्वेटर विणला तेव्हापासून माहीत आहे. संपलं नाही. लाल थेंब फुटत गेला, निळ्यात पसरला, जांभळा झाला. मी घड्याळ पाहिलं नाही.

संपल्यावर स्वतःच वाकले, मी मफ चढवले. नंतरची सगळी गाणी मफ लावून. अट पाळली, मोडून झाल्यावर.

परतताना ट्रॅक्समध्ये शैलाताई, "शब्द थोडे कमी होते. पण तल्लीनता काय! पुढच्या वर्षी आपल्या उत्सवाला बोलवू."



सोमवार, २४ फेब्रु.

सकाळी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. हे शेजारी उभे. गॅस बंद केला नाही.

मशीन लावून दिलं. "येतंय का?" "हो." "काय म्हटलं मी?" "विचारून राहिली, चहा घेता का."

तसं विचारलं नव्हतं.

कानात शिट्टी वाजते म्हणतात. सतत. डॉ. बाईंना फोन. त्या रागावल्या, माझ्यावर. "आंटी, आप तो समझदार हैं." गोळ्या लिहून दिल्या. आराम, मग पुढच्या सोमवारी तपासणी. तोवर काही सांगता येणार नाही, परतही येतं, नाहीही येत.

मी यांना काही बोलले नाही. रागाने नाही. बोलायला कागद लागतो आणि कागदावर राग मावत नाही.

बुधवार, २६ फेब्रु.

महाशिवरात्र. साबुदाणा, रताळी. दुबेबाई प्रसाद घेऊन आल्या, म्हणाल्या, "आजकल आपके यहाँ बड़ी शांति है. सब ठीक?"

ओरडते तेव्हाही त्रास, नाही ओरडत तेव्हाही.

दुपारी हे आपण होऊन बोलायला बसले. "सुधा, एक सांगू? रागावू नको."

मी मान हलवली.

"ते गाणं मला ऐकूच आलं नाही."

म्हणजे?

"ढोल पोटात समजला. बाकी बिल्लूची पेटी, ते वरचे सूर, ज्यासाठी मफ काढले ना, ते काहीच नाही. ते सूर माझ्या कानातून आधीच गेलेले दिसतात. मी आठवणीनंच रंग हलवून राहिलो होतो."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढ्यासाठी! ज्यासाठी हे सगळं, ते मिळालंही नाही. वाटीतली रताळ्याची फोड तशीच खाली ठेवली.

"पण तू मात्र ऐकू आलीस. तीन मिनिटं. एकदम साफ. लग्नाआधी तुमच्या एक्स्चेंजला फोन लावायचो तेव्हा यायची, तशी."

मी कागद ओढला, लिहिलं, ओठ वाचले असतील.

वाचून म्हणाले, "तू कानाशी होतीस. ओठ कुठे दिसून राहिले होते?"

भांडी घासायला गेले. बाई घासून गेली होती, तरी.

शनिवार, १ मार्च

शिट्टी कमी झाली म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच, कळायला मार्ग नाही. मागून हाक मारून पाहिली, साध्या आवाजात. वळले नाहीत. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा मारली, वळले. दारात मांजर आलं होतं, त्याच्यासाठी वळले की माझ्यासाठी, देव जाणे.

घड्याळाची काच धुऊन परत बसवली यांनी. कडेला निळी रेघ राहिली आहे. तीनच्या आकड्यापाशी. घासली, निघत नाही.

सोमवार, ३ मार्च

नेपियर टाउन. डॉ. बाईंकडची बाहेरची बेंच. मांडीवर वही. समोर काच, काचेपलीकडे ती लहान बंद खोली, तिच्यात हे, कानांवर हेडफोन. आमच्या बोर्डावर असायचे तसलेच, जरा मोठे.

आत जाण्यापूर्वी तपासणीवाल्या मुलीने मोठ्याने सांगितलं, "दादाजी, आवाज़ आए तो उँगली ऊपर. कितनी भी धीमी आए." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कानाशी जाऊन तेच मराठीत सांगितलं. साध्या आवाजात. कळलं असं मान हलवली. मान तर ते नेहमीच हलवतात.

दार लागलं. दिवा लागला. मुलगी बटणं फिरवते आहे. यांचा हात गुडघ्यावर आहे, बोट मिटलेलं. मी बोटाकडेच बघते आहे, मधून मधून लिहिते.

आत जाताना माझ्याकडे दिलेलं:

चष्मा.

मनगटी घड्याळ.

मफलर.

कापसाचा बोळा एक, खिशातून निघालेला, जांभळा. आठ दिवस का ठेवला विचारायचं आहे.

उ. का. चं मशीन, डबीशिवाय. डबी घरी विसरले. बंद न करताच दिलं, नेहमीसारखं. मुठीत धरलं आहे. शिट्टी देतं आहे. मी बंद केलेलं नाही.